दगड काय सांगतो?

मुलांनो, आपल्या भंडारा जिल्ह्यात तुमसरजवळ चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. तेथील काळा, जड दगड एके काळी समुद्राच्या तळाशी बसलेला गाळ होता! जमिनीखालच्या उष्णतेने व दाबाने त्याचा खडक झाला. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. हा खडक ९० कोटी वर्षांहून जुना आहे.

या खडकात हाडे सापडत नाहीत. का बरे? तेव्हा हाडे असलेला एकही प्राणी नव्हता. बहुतेक सजीव अगदी सूक्ष्म होते. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील खडक मात्र सुमारे ७ कोटी वर्षांचे आहेत. त्यांत डायनोसॉरची हाडे मिळाली आहेत.

मग सूक्ष्म जीवांपासून एवढे मोठे प्राणी कसे झाले? पिल्ले आईबापांसारखी असतात, पण हुबेहूब नसतात. जो फरक जगण्यास उपयोगी पडतो, तो पुढील पिढ्यांत टिकतो. असे लहान लहान फरक लाखो वर्षे साठत जातात आणि नवी जात तयार होते. यालाच उत्क्रांती म्हणतात. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ साली आपल्या पुस्तकात हा विचार मांडला.

चिखल्याच्या खडकात उद्या एखादे हाड मिळाले, तर हा विचार पुन्हा तपासावा लागेल. विज्ञान पुराव्यावर उभे असते. म्हणून दगड दिसला की आधी विचारा, ‘तू किती जुना?’