निदानार्थकर व्याधी : जीवाणुसंसर्ग आणि कर्करोग यांचा संबंध

सातारा व सांगली जिल्ह्यांत चिकित्सा करणाऱ्या वैद्याकडे अम्लपित्ताचा रुग्ण आला नाही असा दिवस विरळाच. ऊसतोडणीच्या हंगामातील अवेळी जेवण, दिवसातून पाच-सहा वेळा चहा, खर्डा, तंबाखू, मिश्री, जागरण अशी हेतूंची नोंद आपण करतो. सूतशेखर, कामदुधा किंवा अविपत्तिकर चूर्णाची योजना करतो आणि पंधरा दिवसांत रुग्ण बरे वाटत असल्याचे सांगतो. दोन-तीन महिन्यांनी तोच रुग्ण त्याच तक्रारी घेऊन परत येतो. अशा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या तक्रारींमागे काही रुग्णांत जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू असतो आणि हाच जीवाणू जठराच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे ज्ञात कारण आहे. या संबंधाचा आयुर्वेदीय निदानपद्धतीच्या आधारे विचार करणे आणि त्यातून दैनंदिन चिकित्सेसाठी काही नियम निश्चित करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

निदानार्थकर व्याधीची संकल्पना

चरकसंहितेच्या निदानस्थानातील आठव्या अध्यायात एक व्याधी दुसऱ्या व्याधीचे निदान कसा बनतो, याचे विवेचन आहे. ज्वराच्या संतापातून रक्तपित्त, प्लीहावृद्धीतून उदर, प्रतिश्यायातून कास आणि कासातून क्षय ही उदाहरणे आपण सर्वांनी अभ्यासली आहेत. त्याच ठिकाणी आचार्यांनी एक महत्त्वाचा भेद सांगितला आहे. काही व्याधी दुसरा व्याधी उत्पन्न करून स्वतः शांत होतात. काही मात्र दुसरा व्याधी उत्पन्न करूनही स्वतः कायम राहतात. हा भेद आपण बहुधा परीक्षेपुरता पाठ केलेला असतो. जीवाणू आणि कर्करोग यांचा संबंध समजून घेताना त्याचे व्यावहारिक मोल लक्षात येते.

शोधाचा इतिहास

जठरातील तीव्र आम्लात जीवाणू टिकू शकत नाहीत, असा वैद्यकशास्त्राचा दीर्घकाळ समज होता. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरन आणि डॉ. बॅरी मार्शल यांना जठरदाहाच्या रुग्णांतील एक वक्राकार जीवाणू प्रयोगशाळेत वाढविण्यात यश आले. त्यांच्या म्हणण्यावर सहजासहजी कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतःच हा जीवाणू प्राशन केला आणि काही दिवसांतच त्यांना जठरदाह झाला. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हा जीवाणू मानवात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात समाविष्ट केला. २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. २०१८ या वर्षात जगभर संसर्गजन्य कारणांनी झालेल्या सुमारे २२ लाख नव्या कर्करोगांपैकी सुमारे ८ लाख १० हजार एकट्या या जीवाणूमुळे झाले, असा अंदाज आहे.

संप्राप्ती

हा संसर्ग बहुधा बालपणी, घरातील निकट सहवासातून आणि अस्वच्छतेमुळे होतो व उपचार न केल्यास प्रायः आयुष्यभर टिकतो. जीवाणू युरिएज या विकराच्या साहाय्याने युरियापासून अमोनिया निर्माण करतो, भोवतालचे आम्ल निष्प्रभ करतो आणि जठराच्या श्लेष्मल थरात वास्तव्य करतो. त्याच्या काही प्रजाती ‘कॅग-ए’ हे प्रथिन थेट पेशींत सोडतात आणि पेशींच्या वाढीचे नियमन बिघडवतात. पुढील घटनाक्रम असा : दीर्घकालीन दाह, मग आम्ल निर्माण करणाऱ्या ग्रंथींचा क्षय, मग जठराच्या पेशींना आंत्रपेशींचे रूप येणे, नंतर पेशींची विकृत रचना आणि अखेर कर्करोग. या प्रवासास अनेक दशके लागतात आणि बहुसंख्य रुग्णांत तो मध्येच थांबतो.

येथे चरकोक्त भेदाची आठवण होते. ग्रंथींचा क्षय होऊन आम्ल घटले की त्या जठरात जीवाणूलाही टिकाव धरणे कठीण जाते. अशा अवस्थेत तपासणीत जीवाणू सापडत नाही, तरीही विकृती पुढे जाऊ शकते. हेतू शांत झाला, पण त्याने उत्पन्न केलेला व्याधी उरला. याउलट जठरातील ‘माल्ट लिम्फोमा’ या कर्करोगात जीवाणू आणि अर्बुद एकत्र नांदतात. १९९३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी केवळ प्रतिजैविकांनी जीवाणू नष्ट केल्यावर हे अर्बुद मागे हटते, असे दाखविले. प्रारंभिक अवस्थेतील सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत असा लाभ होतो. निदानपरिवर्जनाने अर्बुदाचा उपशम होण्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

संहितेत हेलिकोबॅक्टरचे वर्णन आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. रक्तज कृमी सूक्ष्म असल्याने दिसत नाहीत, असे चरकाचार्य सांगतात. तेवढ्यावरून आजच्या प्रत्येक जीवाणूला कृमींच्या यादीत बसविणे अशास्त्रीय ठरेल. आपल्याला घ्यायची आहे ती विचारपद्धती.

भारतीय परिस्थिती

आपल्या देशात प्रौढांमध्ये या जीवाणूचा संसर्ग फार मोठ्या प्रमाणात आढळतो. पण जठराच्या कर्करोगाचे प्रमाण जपान, कोरिया किंवा चीन यांच्या तुलनेत बरेच कमी आहे. देशांतर्गतही फरक आहे. मिझोराममध्ये हे प्रमाण सर्वाधिक आहे. तेथे धुरावर वाळविलेले मांस आणि तंबाखूचे विविध प्रकारचे सेवन ही कारणे चर्चिली जातात. जगभरातील आकडे पाहता, संसर्ग असलेल्या शंभर व्यक्तींपैकी एक ते तिघांनाच हा कर्करोग होतो. म्हणजे जीवाणू हा प्रधान हेतू असला, तरी आहार, व्यसन, कुलवृत्त आणि जीवाणूची प्रजाती यांच्या साहचर्यावाचून व्याधी उत्पन्न होत नाही. म्हणून रुग्णाला भयभीत करणे जितके चूक, तितकेच हा हेतू दुर्लक्षिणेही चूक.

अन्य जीवाणू

जठराबाहेरही असे संबंध आढळतात. विषमज्वराचा जीवाणू पित्ताशयात वर्षानुवर्षे राहिल्यास, विशेषतः पित्ताश्मरी असताना, पित्ताशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गंगेच्या खोऱ्यात हा कर्करोग अधिक आढळतो; महाराष्ट्रात त्याचे प्रमाण पुष्कळ कमी आहे.

आपल्या भागाशी अधिक निगडित विषय मुखाच्या कर्करोगाचा आहे. हिरड्यांच्या रोगात वाढणारा फ्युसोबॅक्टेरियम हा जीवाणू मोठ्या आतड्याच्या अर्बुदांत आढळतो, हे २०११ च्या सुमारास प्रथम लक्षात आले. नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधकांनी २०२२ मध्ये जिभेच्या कर्करोगाच्या भारतीय रुग्णांत त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या अर्बुदात हा जीवाणू अधिक होता, त्यांच्यात दाह अधिक आणि जगण्याचे प्रमाण कमी दिसले. हा जीवाणू मुखाच्या कर्करोगाचे मूळ कारण आहे, असे मात्र यावरून सिद्ध होत नाही. येथील मूळ कारण तंबाखूच. सातारा-सांगलीच्या ग्रामीण भागात अनेक स्त्रिया मिश्रीला तंबाखूचे व्यसन न मानता दंतमंजन मानतात. दंतधावन व गंडूष यांचा उपदेश करताना मिश्री सोडविणे, हे आपले पहिले कर्तव्य आहे.

औषधी द्रव्यांविषयी

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि हळदीतील कुर्क्युमीन प्रयोगशाळेत हेलिकोबॅक्टरची वाढ रोखते, हेही खरे. परंतु मानवी जठरातून केवळ हळदीने त्याचे निर्मूलन होते, असे सिद्ध झालेले नाही. लसणाविषयी अधिक विचार करण्याजोगा पुरावा चीनच्या शांदोंग प्रांतातील लिंकू परगण्यात मिळाला. तेथे १९९५ मध्ये काही हजार व्यक्तींवर सुरू झालेल्या चाचणीचे २२ वर्षांहून अधिक काळाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन आठवड्यांच्या जीवाणूनाशक उपचाराने कर्करोगाचे प्रमाण निम्म्यावर आले. सात वर्षे लसणाचे सत्त्व घेतलेल्यांत जठराच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले. मात्र रोग होण्याच्या प्रमाणातील घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हती. लशुन रसायन म्हणून साहाय्यक ठरू शकतो. जीवाणूच्या निर्मूलनाची जागा तो घेऊ शकत नाही.

चिकित्सालयातील नियम

१. वजन घटणे, काळी मलप्रवृत्ती, रक्ताची उलटी, गिळताना अडथळा, वारंवार वमन, पांडुता, नाभीच्या वरच्या भागात हाताला लागणारी गाठ, किंवा उतारवयात प्रथमच उद्भवलेले अम्लपित्त यांपैकी एक लक्षण असले, तरी शमनचिकित्सेत वेळ न दवडता रुग्णास एंडोस्कोपीसाठी पाठवावे. सातारा, कऱ्हाड, सांगली व मिरज येथे ही सोय उपलब्ध आहे.

२. अशी लक्षणे नसूनही तक्रार पुनःपुन्हा उद्भवत असेल, तर श्वासाची युरिया चाचणी किंवा मलातील प्रतिजन चाचणी करावी. त्यापूर्वी आम्लनिर्मिती रोखणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आणि प्रतिजैविके व बिस्मथ चार आठवडे बंद असावीत. अन्यथा जीवाणू असूनही चाचणी नकारात्मक येऊ शकते. ज्या रुग्णाला गोळ्या थांबविणे धोक्याचे असेल, त्याच्या बाबतीत तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. रक्तातील प्रतिद्रव्ये जुना आणि चालू संसर्ग यांत भेद करीत नाहीत.

३. जीवाणू आढळल्यास तज्ज्ञांच्या सल्ल्याने, सामान्यतः चौदा दिवसांचा उपचार पूर्ण करवून घ्यावा. मेट्रोनिडाझोलला दाद न देणारे जीवाणू भारतात मोठ्या प्रमाणात आहेत. अर्धवट उपचाराने ही अडचण वाढते. अग्निरक्षण, पथ्य आणि उपचारोत्तर बल्य चिकित्सा हे आपले क्षेत्र.

४. उपचारानंतर किमान चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी करून निर्मूलनाची खात्री करावी. लक्षणांचा उपशम हा निर्मूलनाचा पुरावा नव्हे.

५. जठराच्या कर्करोगाच्या रुग्णाचे आई-वडील, भावंडे व मुले यांची तपासणी करण्याचा सल्ला द्यावा.

समारोप

साताऱ्याच्या आपल्या जुन्या महाविद्यालयाच्या नावातच ‘आर्यांग्ल’ हा शब्द आहे. दोन्ही वैद्यकांनी एकमेकांकडून शिकावे, ही अपेक्षा त्यात आहे, असे मी मानतो. अम्लपित्ताचा रुग्ण आपल्याकडे प्रथम येतो आणि वर्षानुवर्षे येत राहतो. कर्करोगतज्ज्ञाकडे तो पोहोचतो तेव्हा बहुधा हेतू संपलेला आणि व्याधी उरलेला असतो. या दोन टप्प्यांमधील दीर्घ काळ वैद्याच्या हाती आहे. त्या काळात निदानार्थकर व्याधी ओळखून त्याचे वेळीच परिवर्जन करविणे, हाच प्रतिबंधाचा खरा मार्ग होय.