पावसाळ्यांत कोंबड्यांचें अंथरूण कोरडें ठेवणें

कुडाळ तालुक्यांत वर्षाकांठीं सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतच येतो. ह्याच दिवसांत खुराड्यांतील पिलें मरूं लागतात, आणि कोणी म्हणतो थंडी बाधली, कोणी म्हणतो नजर लागली. खरें कारण बहुधा पिलांच्या पायांखालीं असतें.

कोंबडीच्या आंतड्यांत कॉक्सिडिया नांवाचे सूक्ष्म जंतु वाढतात. त्यांचीं बीजें विष्ठेवाटे बाहेर पडतात, परंतु पडतांक्षणींच तीं रोग देऊं शकत नाहींत. ऊब, हवा व ओल हीं तिन्ही मिळालीं म्हणजे एक-दोन दिवसांत तीं तयार होतात. ऊब व हवा आपल्याला काढून टाकतां येत नाहीं. ओल मात्र येते. ती राहिली तर पिलें तींच बीजें टिपतात व त्यांस रक्ताची हगवण लागते. असें दिसतांच पशुवैद्यास दाखवावें. कोरडें अंथरूण हा प्रतिबंध आहे, औषध नव्हे.

ओल चार वाटांनीं येते. पहिली खालून: खुराड्याची जमीन अंगणाहून हातभर उंच करून भोंवतीं चर खणावा. दुसरी बाजूनें: नैर्ऋत्येकडील झड अडविण्यास माडाच्या झापांचा आडोसा करावा, परंतु वळचणीखालीं चार बोटें जागा मोकळी ठेवावी, नाहींतर आंतली वाफ कोंडून पुन्हा अंथरुणावरच बसते. तिसरी वरून: फुटकीं कौलें मृगापूर्वींच बदलावीं. चौथी आंतून, आणि हिचाच आपणांस विसर पडतो: पाण्याचें भांडें विटांवर, कोंबडीच्या पाठीइतकें उंच ठेवावें, म्हणजे सांडत नाहीं. दाटीही करूं नये. मोठ्या कोंबडीस दोन चौरस फूट जागा असावी.

अंथरुणास भाताचें तूस उत्तम. तें वैशाखांतच गिरणीवरून आणून गोणींत भरून माळ्यावर ठेवावें, व चार इंच पसरावें. बुरशी आलेला पेंढा कधींही घालूं नये. ती बुरशी पक्ष्यांच्या फुप्फुसांत जाते. रोज सकाळीं तूस वरखालीं करून ढेकळें काढावीं. मूठभर तूस दाबून पाहावें: गोळा तसाच राहिला तर ओल फार आहे, सावकाश सुटला तर ठीक. खुराड्यांत वांकून डोळे चुरचुरले तर अमोनिया वायु सांचला आहे असें जाणावें.

अंड्यांच्या पैशांवर कित्येक घरीं मीठमिरची व मुलांच्या वह्या येतात. म्हणून हें काम क्षुल्लक नव्हे. प्रभूनें यरुशलेमेविषयींचें आपलें दुःख सांगतांना कोंबडीच्या पंखांचीच उपमा घेतली (मत्तय २३:३७). जिच्यावरून त्याची माया आपणांस कळते, तिच्या पिलांस आम्ही चिखलांत ठेवावें काय?

उपदेशक बंधूंनीं मंडळींत विचारावयाचे प्रश्न: १. ओलीच्या चार वाटा कोणत्या? २. आडोसा करतांना वर जागा कां ठेवावी? ३. नीतिसूत्रें १२:१० वाचून, आपल्या खुराड्यांत आज काय सुधारावें?