कोंबड्यांच्या खाद्यांत ओवा, लसूण व हळद

चिचगड, देवरी आणि आसपासच्या रानांतील गांवीं परसांतल्या चार कोंबड्या ही जुनीच मिळकत आहे. आतां त्यांच्या जोडीस ब्रॉयलर, म्हणजे केवळ मांसासाठीं वाढवावयाचीं पिलें, हा धंदाही खेड्यांत शिरला आहे. अशीं पिलें सुमारें सहा आठवड्यांत दोन किलोंपर्यंत भरतात. परंतु तेवढ्यांत रोग आला तर घरचें भांडवल बुडतें. म्हणून एखादें पिलूं मान टाकूं लागतांच मालक घाबरून दुकानांतून पाण्यांत घालावयाची पूड आणितो. कित्येक तर रोग नसतांही ती रोज घालितात. ही पूड पुष्कळदां प्रतिजैविक, म्हणजे लोक ज्यास ॲन्टिबायोटिक म्हणतात तें औषध, असते. तिच्या ऐवजीं आपल्या स्वयंपाकघरांतील वनस्पति चालतील काय, हा आजच्या धड्याचा विषय आहे.

१. हें औषध खाद्यांत कसें आलें?

इ. स. १९४८ च्या सुमारास अमेरिकेंत ऑरिओमायसीन हें औषध तयार करितांना उरलेला चोथा कोंबड्यांस चारून पाहिला, तेव्हां त्या अधिक वेगानें वाढल्या. पुढें निरोगी जनावरांसही थोडें थोडें औषध रोज चारण्याची चाल पुष्कळ देशांत पडली. पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं तर १९४५ सालींच, नोबेल पारितोषिकाच्या भाषणांत, सावध केलें होतें कीं अपुऱ्या औषधानें जंतु मरत नाहींत, उलट त्यास तोंड देण्यास समर्थ होतात. घडलेंही तसेंच. स्वीडन देशानें १९८६ सालीं वाढीसाठीं औषध चारणें बंद केलें आणि युरोपीय संघानें १ जानेवारी २००६ पासून.

इतर औषधें हरल्यावर माणसांस देतात त्या कोलिस्टिनचीही हीच गत झाली. त्यास न जुमानणारे, व तो गुण दुसऱ्या जंतूंस देऊं शकणारे जंतु चीनमधील डुकरांत व मांसांत सांपडल्याचें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. भारत सरकारनें जुलै २०१९ मध्यें अन्नासाठीं पाळलेल्या जनावरांस व कोंबड्यांस कोलिस्टिन देण्याची मनाई केली.

हें दूरचें प्रकरण आहे असें कोणीं समजूं नये. खुराड्यांतील जंतु हातांस लागतात, पाण्यांत उतरतात, खतावाटे धानाच्या बांधींत जातात. उद्यां घरांतील तान्हें मूल आजारी पडलें, तर ज्या औषधानें तें वांचावें तेंच निरुपयोगी ठरण्याचा संभव आहे.

२. वनस्पतींत गुण कोणता?

ओव्याचा उग्र वास मुख्यतः थायमॉल या द्रव्याचा असतो. लसूण ठेंचली म्हणजे ॲलिसिन उत्पन्न होतें. अखंड पाकळींत तें नसतें. हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिनमुळें आहे. हीं द्रव्यें प्रयोगशाळेंत अनेक जंतूंची वाढ रोखतात, हें सिद्ध झालेलें आहे.

परंतु पिलांवरील प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहींत. कोठें वजन वाढलें, कोठें कांहींच फरक पडला नाहीं. याचें एक कारण असें कीं जात, जमीन व साठवण यांप्रमाणें वनस्पतींतील द्रव्य कमीअधिक होतें. ओव्याचें तेल तर उडून जाणारें आहे. उन्हांत पडलेल्या पुडींत गुण थोडाच उरतो. कडुनिंबाचा पाला अधिक झाला तर कडवटपणामुळें पिलें खाणेंच कमी करितात. सारांश, वनस्पति ही खाद्याची जोड आहे. लागलेल्या रोगावरचें औषध नव्हे.

३. आधीं काय करावें?

मानमोडी विषाणूपासून होते. तिला प्रतिजैविकही लागू पडत नाहीं आणि हळदही नाहीं. तिला लस हाच उपाय. ती पहिल्या आठवड्यांत डोळ्यांत किंवा नाकांत थेंब घालून टोंचतात तसें न करितां देतां येते. गोंदियाकडे धानाच्या गिरण्या पुष्कळ असल्यानें तूस सहज मिळतें. तें दोन-तीन इंच जाड अंथरावें व ओलें झालेलें लागलींच काढावें, कारण रक्ती हगवण ओलाव्यांत पसरते. पहिल्या आठवड्यांत पिलांस सुमारें ३५ अंश सेल्सिअस ऊब द्यावी व पुढें क्रमानें कमी करावी. मोठ्या झालेल्या प्रत्येक पिलास निदान एक चौरस फूट जागा असावी. बुरशी लागलेला मका चारूं नये. त्यांतील विषानें यकृत बिघडतें.

इतकें करूनही रोग आला तर पशुवैद्यांस दाखवावें. त्यांनीं सांगितलेलें औषध पुरे दिवस द्यावें आणि तें बंद केल्यावर त्यांनीं सांगितलेले दिवस लोटेपर्यंत पक्षी विकूं नये व खाऊं नये.

४. घरचा प्रयोग

ऐकीव गोष्टीपेक्षां मापलेली गोष्ट बरी. एकाच दिवशीं आणलेल्या शंभर पिलांचे पन्नास-पन्नास असे दोन भाग करावे. जागा, पाणी, लस व खाद्य सारखें ठेवावें. एका भागाच्या खाद्यांत किलोमागें ५ ग्रॅम हळदपूड मिसळावी. पुष्कळ प्रयोगांत हें प्रमाण घेतलेलें आहे. समजा, साध्या भागानें १६० किलो खाद्य खाऊन १०० किलो वजन वाढविलें, आणि हळदीच्या भागानें तेवढेंच वजन १५५ किलोंत वाढविलें. खाद्य ५ किलो वांचलें. हळद सुमारें ७७५ ग्रॅम लागली. आतां बाजारभावानें पाहावें: ५ किलो खाद्याची किंमत अधिक कीं हळदीची? मेलेल्या पिलांचीही दोन्हीकडे नोंद ठेवावी. एका खेपेवर निर्णय करूं नये. दोन-तीन खेपा पाहाव्या.

ज्यांस वाचतां येतें त्यांनीं हा धडा शेजाऱ्यांस वाचून दाखवावा व पुढील प्रश्नांवर बोलावें.

प्रश्न

१. निरोगी पिलांस रोज थोडें प्रतिजैविक दिल्यानें माणसांचें नुकसान कसें होतें?
२. मानमोडीस हळद कां पुरी पडत नाहीं?
३. आपल्या खुराड्यांतील तूस आज कोरडें आहे काय?
४. मागील खेपेंत किती खाद्य लागलें व किती पिलें मेलीं, याची नोंद आपणांपाशीं आहे काय? नसल्यास ती कोण व कधीं आरंभील?