हुकूम आणि रिपोर्ट

दिवाळीच्या सुट्टीत हिनकलला घरी असताना दादाच्या लिनक्स संगणकावरून विज्ञान प्रकल्पाची फाईल पेन ड्राइव्हवर घेतली. कॉपी झाल्याचे दिसताच ड्राइव्ह उपटला आणि मूळ फाईल पुसली. शाळेत आल्यावर फाईल उघडेचना! महिन्याची मेहनत गेली.

मित्रांनो, चूक माझीच होती. लिनक्सचा कर्नल (सैन्यातला नव्हे!) माहिती आधी मेमरीत ठेवतो आणि 'झाले' म्हणतो. ड्राइव्हवर ती नंतर जाते. कधी अर्धे मिनिटही लागते. खात्री हवी असेल तर प्रोग्रामने 'एफसिंक' म्हणायचे. मग कर्नल ड्राइव्हकडे मागणी पाठवतो आणि प्रोग्रामला झोपवतो. तेवढ्यात प्रोसेसर इतरांची कामे करतो. लिहून झाल्याचा निरोप आला की कर्नल प्रोग्रामला उठवतो. या झोपेला 'डी' अवस्था म्हणतात. तिच्यात 'किल -९' दिले तरी प्रोग्राम सहसा लगेच मरत नाही, कारण सुरू झालेले काम अर्ध्यावर सोडता येत नाही.

आता मी 'सिंक' देतो, प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबतो आणि मगच ड्राइव्ह काढतो. परेडवर शिकतो तेच इथेही खरे: हुकूम दिला म्हणजे काम झाले असे नव्हे, 'काम पूर्ण' हा रिपोर्ट यावा लागतो.