परवाना टेक्ससचा, दार कुणाचं?

आमच्या मंडळातले एक गृहस्थ मुलीला कॉलेजला सोडायला ह्यूस्टनहून गाडीने न्यू जर्सीला गेले होते. तिथे मागचा दिवा बंद म्हणून पोलिसाने त्यांना थांबवलं. टेक्ससमध्ये हँडगन जवळ असताना पोलिसाने ओळखपत्र मागितलं, की सोबत बंदुकीचा परवानाही दाखवायचा, असा कायदाच आहे. त्याच सवयीने त्यांनी परवाना पुढे केला आणि पिस्तूल कुठल्या कप्प्यात आहे तेही सांगितलं. न्यू जर्सी टेक्ससचा परवाना मानत नाही. रात्री त्यांच्या पत्नीचा मला फोन आला तेव्हा ते कोठडीत होते. पुढे वकील, तारखा, नोकरीवर टांगती तलवार. हा माणूस आयुष्यात सिग्नल तोडत नाही.

असंच २०१३ साली फिलाडेल्फियाच्या एका तरुण आईचं झालं. परवाना पेनसिल्व्हेनियाचा, गाडी न्यू जर्सीत. पिस्तूल असल्याचं तिने स्वतःहून सांगितलं, आणि तिच्यासमोर किमान साडेतीन वर्षांचा तुरुंगवास उभा राहिला. अखेर २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली.

मी स्वतः परवानाधारक आहे. रात्री दुकानाचा गल्ला बंद करून रोकड घेऊन मी एकटी निघते, तेव्हा पिस्तूल कमरेला असतं. त्यामुळे हे मी बंदुकीच्या विरोधात लिहीत नाही. परवाना माणसाच्या नावाने मिळतो, पण तो चालतो की नाही हे जागा ठरवते, एवढं आपल्या लोकांच्या मनावर ठसावं म्हणून लिहिते आहे.

टेक्ससमध्ये हा परवाना आला तोच मुळी जागेच्या प्रश्नातून. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये किलीन गावातल्या ल्युबीज कॅफेटेरियात एका माणसाने २३ जणांना ठार केलं. सुझाना हप तिथे आईवडिलांबरोबर जेवत होत्या. तेव्हाच्या कायद्याला धरून त्यांनी रिव्हॉल्व्हर गाडीतच ठेवलं होतं. आई आणि वडील दोघेही गेले. हप यांनी जागोजाग साक्ष दिली, १९९५ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लपवलेली हँडगन परवान्याने बाळगता येऊ लागली.

१ सप्टेंबर २०२१ पासून तर टेक्ससमध्ये २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवाना लागतच नाही. मग तो काढायचा कशाला, असं मला पार्ट्यांमध्ये विचारतात. शाळेच्या १००० फुटांच्या आत हँडगन घेऊन फिरायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे आणि त्या राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट आहे. शहरात शाळेपासून हजार फूट लांब राहून गाडी चालवून दाखवा! शिवाय बरीच शेजारची राज्यं हा परवाना मानतात.

आता दारं. दुकानाच्या दारावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये निदान एक इंच उंचीच्या अक्षरांत ‘३०.०६’ या कलमाची पाटी असेल, तर परवानाधारकानेही लपवलेली हँडगन आत न्यायची नाही. नेली तर २०० डॉलरपर्यंत दंड. पण कुणी तोंडी ‘बाहेर जा’ म्हटल्यावरही थांबलात, तर तुरुंगाची पाळी येते. पाटीचा आकार नियमात बसतो का, हा वाद दारात घालू नका, निघा. बारच्या दारावर लाल ‘५१’ दिसला तर आत पाऊलच नको. तिथली निम्म्याहून जास्त कमाई बसून पिण्याच्या दारूची असते आणि तिथला गुन्हा थेट फेलनीत, म्हणजे गंभीर गुन्ह्यांत, जातो. शाळा, कोर्ट, मतदान केंद्र इथेही बंदी. देवळांबद्दल लोक हमखास विचारतात: २०१९ पासून प्रार्थनास्थळात परवानाधारकाला मुभा आहे, पण विश्वस्तांनी पाटी लावली असेल तर नाही.

टेक्ससच्या बंदीत सहसा इमारत मोजतात, बाहेरचं पार्किंग नाही. पोस्टात हा हिशेब फसतो. केंद्रीय नियमात पोस्टाचं आवार, म्हणजे पार्किंगसुद्धा, येतं. या नियमाला कोर्टात आव्हानं दिली गेली आहेत, पण आपण त्यातलं पुढचं प्रकरण कशाला व्हायचं? मी पोस्टात जायच्या दिवशी पिस्तूल घरीच ठेवते.

राज्याबाहेर निघताना मधल्या प्रत्येक राज्याचा नियम त्या राज्याच्या सरकारी संकेतस्थळावर वाचा. कॅलिफोर्निया, इलिनॉय, न्यू यॉर्क टेक्ससचा परवाना मानत नाहीत. १९८६ चा केंद्रीय कायदा अशा राज्यांतून नुसतं पार व्हायला संरक्षण देतो, पण बंदूक रिकामी हवी, हाताला न येणाऱ्या जागी, डिकीत कुलूपबंद हवी. आणि निघता तिथे व पोचता तिथेही ती बाळगणं कायदेशीर हवं. मुक्काम, भेटीगाठी सुरू झाल्या की हे संरक्षण डळमळतं.

माझा भाचा एच-वन-बीवर आहे. “मावशी, मित्र शूटिंग रेंजवर चाललेत, मीही जाऊ?” त्याने विचारलं. मी म्हटलं, “बाळा, नको.” नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक वा गोळ्या ताब्यात ठेवायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत, आणि रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणं हाही ताबाच. ग्रीन कार्डवाल्याची गोष्ट वेगळी.

भारतात जाणाऱ्यांनी तर रेंजची बॅग प्रवासाला वापरूच नये. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांच्या तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, त्यातल्या ९३ टक्के भरलेल्या. अस्तरात अडकलेलं एक काडतूस तर कुणाच्या लक्षातही येत नाही. भारतातल्या विमानतळावर ते सापडलं की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. ताबा जाणीवपूर्वक नव्हता हे कोर्ट ऐकून घेतं, प्रकरणं रद्दही होतात. पण तोवर सुट्टी आणि परतीचं तिकीट दोन्ही गेलेलं असतं. आमच्याकडे रेंजची बॅग वेगळ्या रंगाची आहे आणि ती गॅरेजबाहेर येत नाही. तुम्हीही आजच तसं करा, आणि जुन्या बॅगा कप्पा न् कप्पा उलटा करून झाडा.