पहिल्या वर्षाची आंखणी



गेल्या पावसाळ्यांत आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी संध्याकाळीं मजकडे आला. त्याचे वडील तुर्भ्याच्या एका रासायनिक कारखान्यांत पाळीवर काम करतात. मुलगा रसायनशास्त्रांत एम्. एस्सी. होऊन नुकताच पीएच्. डी.स दाखल झाला होता, व विषयनिवडीचा कोरा अर्ज त्याच्या हातांत होता. तो म्हणाला, "सर, सोपे विषय घेऊन हें एकदांचें उरकूं का? वडील विचारतात, अजून किती वर्षें?" हा प्रश्न उद्यां तुमच्यांतील कोणासही पडेल, म्हणून त्याला जें सांगितलें तेंच येथें लिहितों.

पीएच्. डी. म्हणजे केवळ प्रयोगशाळेंतील काम, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु ती खरी नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें संशोधकास प्रबंधाखेरीज निदान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. व्याख्यानांचे १५ तास म्हणजे साधारणतः एक श्रेयांक. तेव्हां हे १८० तास झाले. संशोधनपद्धति व संशोधनाची नीति हे दोन विषय सर्वांस सक्तीचे आहेत. अभ्यासक्रमांत ५५ टक्के गुण न मिळाल्यास प्रबंध सादर करतां येत नाहीं. या सर्वांस कमींत कमी ३ वर्षें लागतात, व मर्यादा सामान्यतः ६ वर्षांची असते.

उरलेल्या श्रेयांकांचे विषय मार्गदर्शकांच्या सल्ल्यानें निवडावयाचे असतात, आणि चूक होते ती येथेंच. ठाण्याच्या खाडीच्या गाळांत शिसें व पारा किती, हा या मुलाचा संशोधनविषय. पण मित्राच्या तयार टिपणांच्या भरंवशावर तो वनस्पतिजन्य द्रव्यांच्या रसायनाचा विषय घेणार होता! मीं त्याला कागदावर दोन रकाने आंखावयास सांगितलें : आपल्या प्रश्नाच्या उत्तरास काय काय लागेल, आणि त्यांतलें आपणांस काय येत नाहीं. दुसऱ्या रकान्यांत त्यानें लिहिलें : अत्यल्प प्रमाणांतील धातु मोजण्याचीं उपकरणें, व संख्याशास्त्र. अर्ज तेथेंच अर्धा भरला.

राहिला वेळ. जो विषय वर्षांतून एकदांच शिकविला जातो तो आधीं घ्यावा, कारण तो हुकला कीं वर्ष गेलें. शिवाय गाळाचे नमुने ओहोटीला घ्यावे लागतात, आणि ओहोटीची वेळ रोज सुमारें ५० मिनिटांनीं पुढें सरकते. रोज सकाळीं तासास बसणारा खाडीवर जाणार केव्हां? म्हणून शक्य तितके तास दोन-तीन दिवसांत एकवटावे, व बाकीचे दिवस प्रयोगास मोकळे ठेवावे.

पहिल्या वर्षाचें मोल किती असतें याचें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत आहे. कमलाबाई सोहोनी (पूर्वाश्रमींच्या भागवत) १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. झाल्या, विषय रसायन व भौतिक. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनें त्यांस, केवळ स्त्री म्हणून, प्रवेश नाकारला. त्या मागें हटल्या नाहींत. तेव्हां पहिलें वर्ष परीक्षणाचें, या अटीवर तो मिळाला. तें वर्ष त्यांनीं उरकलें नाहीं. जीवरसायनाचा पाया घालून त्यांनीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. पुढें १९३९ सालीं त्यांस केंब्रिजची पीएच्. डी. मिळाली, आणि विज्ञानांत ही पदवी मिळविणाऱ्या त्या आरंभींच्या भारतीय स्त्रियांपैकीं एक ठरल्या. परतल्यावर नीरेच्या पोषणमूल्याविषयींही त्यांनीं संशोधन केलें.

पालकांस एक विनंति. "किती वर्षें?" हा प्रश्न रास्त आहे, घरखर्च कोणास चुकला? पण त्याच्या जोडीस "कोणता प्रश्न सोडवतोस?" हेंही विचारावें. आठवड्यानें तो मुलगा पुन्हां आला. अर्ज दिला होता; दोन्ही कठीण विषय त्यांत होते. वडील काय म्हणाले, असें मीं विचारलें. तो हंसून म्हणाला, "रात्रपाळीला निघतां निघतां थांबले, आणि म्हणाले, गाळांत शिसें येतें तरी कोठून रे?"