चाळीस रुपयांचं पाणी

दर रविवारी संध्याकाळी आम्ही महाडच्या चवदार तळ्याच्या काठी पुस्तकं घेऊन बसतो. नववीपासून कॉलेजपर्यंतची आठ-दहा मुलं असतात. त्यांना ओढ आहे ती काळवंडलेल्या भविष्याच्या विज्ञानकादंबऱ्यांची. त्यांच्या भाषेत ‘डिस्टोपिया’. बरीचशी पुस्तकं इंग्रजीत आहेत. मी वाचत जाते, मराठीत सांगत जाते. त्यातून हाती लागलेलं हे थोडं.

१. सुरुवात जयंत नारळीकरांपासून करावी. त्यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत जमिनीखाली सापडलेल्या पेटीतून लुप्त संस्कृतीचं ज्ञान हाती येतं, त्यातून यंत्रमानव घडतो आणि ती संस्कृती कशाने बुडाली ते फार उशिरा उमगतं. भाषा घरची असली की मुलं मध्येच अडवून शंका विचारतात. पहिलंच पुस्तक इंग्रजी दिलं तर सगळा जीव शब्दांशी झटण्यात जातो.

२. मुलांपासून काळोख लपवू नये. एका आईने मला विचारलं होतं, “अहो ताई, या वयात असलं भयाण कशाला वाचायला देता?” त्यांची काळजी खरी होती. पण २२ जुलै २०२१ ला सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली, ते या मुलांनी लहानपणीच पाहिलंय. माझ्या कपाटाचे खालचे दोन कप्पे चिखलात गेले. लोइस लॉरींचं ‘द गिव्हर’ फुगून विटेएवढं झालं होतं. एका मुलाने ते गच्चीवर वाळवलं, फूटपट्टी सरकवून पान न् पान सोडवलं. त्याच्या कडेला चिखलाची तांबूस रेघ अजून आहे. त्या कादंबरीतल्या समाजाने दुःख नको म्हणून आठवणीच काढून टाकल्यात. त्यांच्याबरोबर रंगही गेलेत. सगळ्यांच्या आठवणींचा भार एकटा म्हातारा वाहतो. तो मुलगा म्हणाला, “ताई, पूर विसरायला लावला, तर पुढच्या पावसात सामान माळ्यावर कोण चढवणार?”

३. या पुस्तकांत राक्षस शोधू नये, नियम शोधावा. हे मला सर्वांत उशिरा कळलं. मॅलरी ब्लॅकमन यांच्या ‘नॉट्स अँड क्रॉसेस’मध्ये (२००१) राज्य काळ्यांचं आहे आणि गोरे खालचे. शाळेतल्या एका गोऱ्या मुलीच्या कपाळावर जखमेची पट्टी आहे, गडद तपकिरी. तिच्या कातडीच्या रंगाची पट्टी बाजारात मिळतच नाही. बंदुका, फाशी, दंगली पुस्तकात पुढे येतात. मुलं थांबली ती या पट्टीपाशी.

मग मी समोरच्या पाण्याकडे बोट केलं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ ला झाला. महाड नगरपालिकेने १९२४ ला हे तळं खुलं केलं, पण कागदावर. जनावरांना मनाई नव्हती, माणसांना होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी इथे ओंजळभर पाणी घेतलं, मागोमाग हजारोंनी घेतलं. परतणाऱ्यांना मारहाण झाली. नंतर तळ्यातून १०८ घागरी काढून, त्यांत शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून, मंत्र म्हणत त्या पुन्हा तळ्यात ओतल्या गेल्या. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. वाद कोर्टात गेला; उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये. दहावीतली एक मुलगी म्हणाली, “ताई, हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अतीच आहे.”

४. वय बघून द्यावं. प्रयाग अकबर यांची ‘लैला’ (२०१७) मी बारावीच्या आत देत नाही. भिंती घालून जातीजमातींनी वाटून घेतलेलं शहर आणि लेकीला शोधणारी आई. चांगलं पुस्तक आहे, पण ते सोसायला थोडं जगलेलं असावं लागतं.

५. पुस्तक अडलं तर अडू द्यावं. नील आणि जॅरड शस्टरमन या बापलेकांच्या ‘ड्राय’मध्ये (२०१८) कॅलिफोर्नियातले नळ एके दिवशी कोरडे पडतात. दुकानातल्या बाटल्या संपल्यावर थोरली बहीण धाकट्या भावाला घेऊन बर्फ विकत आणते, आणि चांगले शेजारी बघता बघता परके होतात. आम्ही तिथवर आलो तेव्हा मी सांगितलं की बाबासाहेबांच्या १९२७ च्या परिषदेसाठी याच गावात चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं होतं. तळं तेव्हा भरलेलं होतं.

कुणी काही बोललं नाही. एकाने हातातल्या बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. मग नववीतल्या सर्वांत लहान मुलाने विचारलं, “ताई, विकणाऱ्याने पैसे हातात घेतले असतील, की जमिनीवर ठेवायला लावले असतील?”

त्या रविवारी ‘ड्राय’ पुढे सरकलं नाही. दिवे लागेपर्यंत मुलं त्यावरच बोलत होती.